सतराव्या ओळीतली नवरी

"मॅडम, आमच्या पोराचं लगीन आज हाय का न्हाई, तेवढं सांगा."

फेटा बांधलेले एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर उभे राहून हाताने वर बोर्ड दाखवत होते. मी मान वर केली. शेवटच्या ओळीत एकवीस हा आकडा होता, त्यापुढे चि. बाजीराव आनंदा सुतार असं लाल दिव्यांत झळझळीत लिहिलेलं होतं आणि नवरीच्या रकान्यात नुसता काळोख होता.

"आहे की, काका. एक मिनिटात दिसेल," मी म्हटलं. असं म्हणायची मला सवय होती. त्या वयात मला प्रत्येक गोष्ट एका मिनिटाची वाटायची.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत दिव्यांचे बोर्ड बनवणारा एक छोटा कारखाना होता, त्यात मी प्रोग्रॅम लिहायची. वय चोवीस, पदवी ताजी, गर्व त्याहून ताजा. तासगावच्या बाजूला एका गावात सामुदायिक विवाह सोहळा होता. एकवीस जोडपी होती, मुहूर्त दुपारी बारा चोवीसचा होता, आणि आमच्या मालकांनी, भोकरे सरांनी, तिथे बोर्ड लावायचं कबूल केलं होतं. जोडीचा नंबर, नवरदेव, नवरी, असं सगळं मराठीत. तेव्हा असे बोर्ड बहुतेक इंग्रजीतच चालायचे. आमचा मराठी होता आणि तो मी केला होता, हे मी येताना जीपच्या ड्रायव्हरलासुद्धा ऐकवलं होतं.

बोर्ड खरं तर स्टेजवर लागायचा होता. पण स्टेजमागची सगळी जागा पाहुण्यांच्या फोटोंनी आधीच बळकावलेली होती. शेवटी तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, स्टेजच्या बरोब्बर समोर चढवला. म्हणजे वऱ्हाडाला माना वळवल्याशिवाय तो दिसणार नव्हता आणि स्टेजवर उभ्या नवरानवरींना मात्र सरळ नाकासमोर. बोर्डाखाली माझं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटची चळत, असा माझा संसार मांडला होता.

सुतारकाका गेले आणि त्यांच्या मागोमाग मोरबाळे तात्या आले. हे सोहळ्याचे सेक्रेटरी. निवृत्त हेडमास्तर, कडक इस्त्रीचं धोतर, खिशाला दोन पेनं. एकवीस नवरदेवांची एक यादी आणि एकवीस नवऱ्यांची दुसरी, दोन्ही त्यांनी आठवडाभर बसून एका बोटाने स्वतः टाइप केल्या होत्या.

"मॅडम, घोटाळा झालाय," ते आवाज खाली आणून म्हणाले. "सतरा नंबरच्या नवरदेवाला अठराची नवरी लागलीय. अठराला एकोणीसची. एकोणीसच्या सासऱ्यानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, मुलगी बदलली का म्हणून."

मी यादी वरून खाली बोटाने मोजत गेले. चौघांच्या बायका बदलल्या होत्या, एक जण ब्रह्मचारी राहिला होता आणि एक नवरी बोर्डावरून सपशेल गायब होती. सतरावी.

"सतरावी कोण?"

"मी," मागून आवाज आला.

शाळेच्या वर्गांत नवरींची तयारी चालली होती, तिथून ती तशीच उठून आली होती. पिवळी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, मुंडावळ्या एका बाजूने बांधलेल्या आणि दुसऱ्या बाजूने लोंबत्या. वय माझ्याएवढंच असेल.

"वैजयंता लोखंडे. ताई, माझं नाव कुठाय? व्हरांड्यातनं दोनदा बघितलं. सगळ्यांची येऊन गेली."

"हिला मीच शिकवलंय," तात्या म्हणाले. "पहिली ते सातवी. हिचं नाव पहिल्यापासून पहिलं असायचं, आणि आज बघा."

मी फाइल उघडली. सतराव्या ओळीत तिचं नाव व्यवस्थित होतं: चि.सौ.कां. वैजयंता सोनाबाई ज्ञानदेव लोखंडे. बाकीच्या मुलींची नावं तीन शब्दांची. हिचं चार.

"हे सोनाबाई?"

"माझी आई. तात्यांना विचारून घातलंय."

"मी हो म्हणालो," तात्या म्हणाले. "तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत, नाव कितीही मोठं चालेल, शंभर अक्षरं मावतात."

सांगितलं होतं खरं. भोकरे सरांना तर मी म्हटलं होतं की शंभर अक्षरांत माणसाचं नाव काय, गाव आणि गोत्रही बसेल. चूक कुठे आहे ते मला त्या क्षणी कळलं. तात्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती.

"तात्या, बसा जरा," मी म्हटलं आणि एक क्रेट पुढे ओढला.

आता हे हेडमास्तरांना समजावायचं कसं? मी आजूबाजूला बघितलं. मांडवात खुर्च्या मांडत होते.

"समजा, एका ओळीत शंभर खुर्च्या आहेत. इंग्रजी अक्षर एका खुर्चीत बसतं. मराठी अक्षराला तीन लागतात."

"एवढं जाड?"

"जाडच. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, यांनाही प्रत्येकी तीन."

"अनुस्वाराला तीन? मॅडम, ते एक टिंब आहे."

"तरी तीन."

तात्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "आणि हे चि.च्या पुढचं टिंब?"

"ते इंग्रजीतून आलेलं. ते एकाच खुर्चीत."

"असं," तात्या म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर स्वातंत्र्यचळवळ उमटली.

मग मी पुढचं सांगितलं. बोर्डाला हे एकेका खुर्चीतले तुकडे कळत नाहीत, त्याला अख्खं अक्षर लागतं. तीन-तीन तुकडे जोडून अख्खी अक्षरं करून द्यायला सी भाषेत एक फंक्शन आहे, एमबीएसटीओडब्ल्यूसीएस. एका दमात म्हणताना जीभ गाठ खाते. काम मात्र चोख करतं, पण स्वभावाने फार कडक. ओळीत एक जरी अक्षर अर्धवट सापडलं, तरी पूर्ण ओळच परत फेकतं आणि उत्तर देतं, उणे एक.

"आणि हिच्या ओळीत अर्धवट काय आहे?"

मी कागदावर मोजलं. वैजयंताचं नाव चि.सौ.कां. धरून एकशे बारा खुर्च्यांचं होत होतं. शंभरातली शेवटची खुर्ची ओळ संपल्याच्या खुणेसाठी राखीव, म्हणजे बसायला नव्याण्णवच. नव्याण्णवावी खुर्ची भरली तेव्हा लोखंडेमधला 'ल' कसाबसा बसला होता आणि त्याच्यावरच्या मात्रेला तीनातल्या दोनच मिळाल्या होत्या.

"मग तिला उभं राहायला काय होतं?" तात्या म्हणाले.

"उभं राहायची सोय नाही."

"आणि उणे एक आल्यावर तुमच्या प्रोग्रॅमनं काय केलं?"

"गुपचूप पुढची ओळ घेतली."

"गुपचूप," तात्या म्हणाले. हेडमास्तर माणूस एक शब्द किती लांब उच्चारू शकतो ते मला तेव्हा समजलं. मी ऑफिसातल्या दहा जणांची नावं टाकून तपासणी केली होती. ऑफिसात कुणी स्वतःच्या नावामागे चि.सौ.कां. लावत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लग्नाचा बोर्ड करताना लग्नाची पत्रिका एकदा डोळ्यांखालून घालावी, एवढी अक्कल मला नव्हती. तेव्हापासून आजपर्यंत मी एकाही प्रोग्रॅममध्ये 'गुपचूप पुढे जा' लिहिलेलं नाही. हाताखालच्या मुलांनाही लिहू देत नाही, आणि ती मला खाष्ट म्हणतात ते मला माहीत आहे.

"मग शंभराच्या दोनशे खुर्च्या करा," वैजयंता म्हणाली. आतापर्यंत ती उभ्याउभ्या सगळं ऐकत होती.

"प्रोग्रॅम बदलून परत तयार करावा लागतो. त्याचं सामान कुपवाडला आहे. जायला तास, यायला तास."

तात्यांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी भोकरे सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "हेमांगी, नाव छोटं कर आणि मोकळी हो. नाव छोटं झालं म्हणून लग्न मोडत नाही."

मी फोन ठेवला. कुणाच्या नावातलं काय काढायचं हे ठरवण्याची पाळी आता माझ्यावर आली होती.

"आईचं काढू," तात्या हळूच म्हणाले. "वैजू, मी आधी हो म्हणालो हे खरं. पण बाकी कुणाच्या नावात आईचं नाही. शिवाय अजून चार घरं आहेत. सुतार तर पोराला घेऊन घरी जायला निघालेत."

"वडलांचं काढा," मी म्हटलं. मला वाटलं, मी फार पुढारलेलं काहीतरी बोलतेय. "बाप मिरवतो आणि आई राबते, असंच तर असतं."

वैजयंताने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"वडलांचं. ते मी तीन वर्षांची असताना गेलेत. मेले नाहीत, गेलेत. इचलकरंजीला असतात म्हणे, दुसरं घर करून."

मी आपला सुविचार बोलले होते आणि तो नेमका लागला होता.

तेवढ्यात एक बाई लगबगीने आल्या. उंचीने लहान, चापूनचोपून नेसलेली नवी साडी, हाताची बोटं पिवळट. तासगावकडे बेदाणा निवडणाऱ्या बायकांची बोटं तशी होतात. पोरगी अर्ध्या मुंडावळ्यांनिशी पळाली म्हणून त्या शोधत आल्या होत्या.

"वैजे, काय गं हे? तिकडं साडी नेसवायची थांबलीया."

तात्यांनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सोनाबाईंनी एकदा बोर्डाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"माझं काढा की मग. त्यात काय एवढं? मला कुटं वाचता येतंय."

"मावशी, वडलांचं काढलं तरी चालेल," मी परत म्हटलं. माझ्यात सुधारणा लवकर होत नसे.

"नगं नगं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "ते र्‍हाऊ द्या. पोरगीला बाप हाय, एवढं तरी चार मान्सांत दिसंल. सासरला कामाला येतं ते."

मी कीबोर्डवर हात ठेवला. आईचं नाव काढायचं, हे ठरल्यातच जमा होतं. काढणार कोण, तर मी, जिने शंभर मावतात असं सांगितलं होतं. मला भयंकर लाज वाटत होती आणि ती लपवायला मी उगाच माउस पुसत होते.

"ताई," वैजयंता म्हणाली, "हे पुढचं किती खुर्च्या खातं?"

"कुठलं?"

"चि.सौ.कां."

मी मोजलं. चि. सात, सौ. सात, कां. दहा, नंतरची मोकळी जागा एक. "पंचवीस."

"आणि आई?"

"मोकळ्या जागेसकट बावीस."

"मग झालं की. तेच काढा."

तात्या क्रेटवरून ताडकन उठले. "वेडी का काय तू? सौभाग्य मागायच्या दिवशी सौभाग्याचं अक्षर पुसायचं? वीस मुलींना आहे आणि एकटीला नाही, म्हणजे अपशकूनच की. सासरकडचे काय म्हणतील?"

"त्यांना आत्ताच विचारून आले. नाव दिसेना तेव्हा वाटलं, लांब म्हणून मावलं नसेल, म्हणून मी आधी नवरदेवाकडंच गेले होते. ते म्हणाले, तुझ्या नावातलं काय काढायचं ते तू ठरव, आणि जागा कमी पडली तर माझा चि. पण घे."

मला हसू आलं. तात्यांना आलं नाही.

"वैजू, माझ्या हातनं हे व्हायचं नाही. आजवर गावातल्या प्रत्येक मुलीच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहिलाय. प्रत्येकीला लावलंय."

"आईची पण लिहिली होती तुम्ही," वैजयंता म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "ट्रंकेत आहे अजून. तिच्यावर पण होतं की, चि.सौ.कां. सोनाबाई."

सोनाबाई साडीच्या निऱ्या नीट करू लागल्या. त्या नीटच होत्या. मांडवात माइकवाला 'हॅलो, हॅलो' करत होता, तेवढाच आवाज.

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि माझी खुर्ची मागितली. मी उठले. ते बसले, एका बोटाने सतराव्या ओळीच्या सुरुवातीला गेले आणि एकेक करून अक्षरं पुसत राहिले. मी मोजत होते. टिंब आणि मात्रा धरून अकरा वेळा ती कळ दाबावी लागली.

"बोर्डावर नसलं तर नसलं," ते शेवटी म्हणाले. "माइक माझ्याच हातात आहे. मी तोंडानं म्हणीन, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. तुमच्या खुर्च्या तिथं चालत नाहीत ना, मॅडम?"

"नाही, तात्या. तिथं कितीही बसवा."

मी प्रोग्रॅम परत चालू केला. सत्याऐंशी खुर्च्या. बोर्ड काळा झाला, उजळला आणि पानं फिरू लागली. एका वेळी तीन जोड्या, दहा सेकंद, मग पुढच्या तीन. सोळा, सतरा, अठराचं पान आलं. वैजयंता सोनाबाई ज्ञानदेव लोखंडे. तिने ते एकदा ओठांतल्या ओठांत वाचलं आणि 'येते' म्हणून शाळेकडे पळाली. तिच्यामागे सोनाबाई. पाठोपाठ सुतारकाका आले, एकविसाव्या ओळीत सून बघितली आणि मला लाडू देऊन गेले.

मला वाटलं, गोष्ट संपली. एक बिघाड झाला, तो निस्तरला. नाव बोर्डावर असावं हा त्या मुलीचा हट्ट होता आणि मला तो हट्ट आवडला होता, यापलीकडे मी काही विचार केला नव्हता.

बाराला मांडव भरला. स्टेजवर एकवीस पाट, एकवीस अंतरपाट, भटजी दोन. हजारभर माणसं अक्षता मुठीत धरून स्टेजकडे तोंड करून उभी. माझ्या बोर्डाकडे बघायला एक माणूस तयार नव्हता. तात्यांनी सगळी नावं माइकवर घेतली. सतराव्याला त्यांनी 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी' इतकं सावकाश म्हटलं की अठराव्या नवरीचे वडील घड्याळ बघू लागले.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि गर्दीतून सोनाबाई उलट्या दिशेने आल्या. सरळ माझ्या टेबलापाशी. द्राक्षाचा एक क्रेट पालथा घातला आणि स्टेजकडे पाठ करून त्यावर बसल्या.

"मावशी, इकडं काय? अक्षता पडतील आता. तिकडं जा की."

"आमच्यात न्हाई बघत," त्या म्हणाल्या. "अक्षता पडताना नवरीच्या आईनं समोर र्‍हायचं नसतं. घरला असतो तर तुळशीला पानी घालत बसले असते. हितं तुळस कुटली."

"पण एवढी वर्षं वाढवलंत आणि..."

"रीत हाय, बाई." त्यांनी पायाजवळची चार पडलेली द्राक्षं उचलून क्रेटच्या कडेला ठेवली. सवयीचा हात. "वैजीला मी म्हनलं, मी न्हाई समोर तर न्हाई. तर म्हनली, तू नसशील, तर तुजं नाव तरी समोर असू दे. मी त्याच्याकडं बघंन. तवापासनं बसलीया डोकं खात, बोर्डावर आईचं घाला, आईचं घाला. तात्यास्नी किती येळा बोलली आसंल."

बोलले असते तर रडले असते, आणि चोवीस वर्षांच्या हुशार मुलीने लोकांच्या लग्नात रडणं मला तेव्हा कमीपणाचं वाटायचं. मी स्टेजकडे बघितलं. इतक्या लांबून चेहरे ओळखू येत नव्हते, पण डावीकडून सतरा पाट मोजले. तिथली नवरी अंतरपाटावरून मान उंच करून उभी होती.

वर बोर्डाची पानं फिरत होती. एक, दोन, तीन. चार, पाच, सहा. मी हिशेब केला. शेवटचं 'सावधान' होईल तेव्हा बोर्डावर दहा, अकरा, बारा असणार होते. सतराव्या जोडीचं पान त्याच्या आधीच येऊन जाणार होतं.

तपासणी करताना सोयीचं पडावं म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक युक्ती करून ठेवली होती. स्पेसबार दाबून धरला की पान जागेवर थांबायचं. ही युक्ती गिऱ्हाइकाला सांगायची नाही, असं भोकरे सरांनी बजावलं होतं.

तेरा, चौदा, पंधरा. सोळा, सतरा, अठरा. मी स्पेसबारवर अंगठा ठेवला आणि दाबून धरला.

दहा सेकंद गेली. वीस गेली. एक मंगलाष्टक संपलं, दुसरं सुरू झालं. तात्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. दोन कडव्यांच्या मधल्या फटीत ते माइकवरच म्हणाले, "मॅडम, बोर्ड अडकला." हजार माना वळल्या. मी डावा हात वर करून, बघते बघते, अशी खूण केली. उजवा तिथेच ठेवला.

"माझं कुटलं त्यात?" सोनाबाईंनी विचारलं. त्या वर बघत होत्या.

"मधली ओळ. नवरीकडचा दुसरा शब्द."

त्यांनी बोट वर करून हवेत शब्द मोजले. एक, दोन. दुसऱ्यावर बोट थांबलं.

"एवढा मोठा?"

"एवढा."

ताशा वाजला. शेवटचं 'सावधान' झालं, मांडवभर अक्षता उडाल्या, एकवीस अंतरपाट एकदम खाली गेले. वीस नवरींनी खाली मान घालून हार पुढे केले. सतराव्या पाटावर हार हातात तसाच होता आणि नवरदेव समजूतदारपणे थांबला होता.

"ताई," सोनाबाई मागे न बघता म्हणाल्या, "आमची कुटं बघतीया?"

"तुमच्याकडं," मी म्हटलं.

त्यांनी पदर नीट डोक्यावर घेतला आणि ताठ बसल्या.